आजीच्या डब्यातले तेरा रुपये

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, सातारा जिल्ह्यातल्या. त्यांची आजी (आईची आई) गेल्या वर्षी गेली. जाण्याच्या दोन महिने आधी तिने एक पितळी डबा ताईंच्या हातात दिला आणि "हे तुझं" एवढंच म्हणाली. डब्यात तेरा नाणी निघाली. राणीछाप तीन, त्यांतलं एक १८४० चं आणि दोन १८६२ ची. एक १९०७ चं टकलू राजाचं. पंचम जॉर्जची सात, १९११ ते १९१९ मधली. आणि शेवटची दोन १९४४ व १९४७ ची. एका राणीछापाला आणि एका जॉर्जला वर कडी डाकलेली आहे. ताईंच्या मुलाने मोबाइलवर एका व्हिडिओत पाहिलं की १८६२ च्या रुपयाचे पाच लाख येतात. त्याने फोटो टाकल्यावर एका 'खरेदीदाराचा' फोन आला. पाच लाख नक्की, फक्त आधी रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे अडीच हजार भरा. मुलाचा दुसरा बेत परदेशी संकेतस्थळावर विकण्याचा आहे. मामा म्हणतात, पाच लाखांचा माल असेल तर वाटणी झाली पाहिजे, नसेल तर सगळं आटवून भाचीच्या लग्नात निरांजनं करू. ताईंनी दरम्यान १८६२ चा एक राणीछाप टूथपेस्टने घासून लख्ख केला आहे. त्या विचारतात, "यांची खरी किंमत किती, आणि मी करू काय?"

ताई,

आधी अडीच हजारांचं. भरू नका. भरले असतील तर आणखी भरू नका आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, विकत नाही, कुणाला नोंदणी करून देत नाही आणि अशा व्यवहारावर कमिशनही घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने तसं जाहीर निवेदन काढलं होतं, कारण तिच्याच नावावर हा धंदा चालला होता. साधी गोष्ट बघा. ज्याला वस्तू घ्यायची असते तो पैसे देतो, मागत नाही. पाच लाखांचं नाणं समोर दिसत असलेला माणूस अडीच हजारांसाठी अडून बसेल का?

आता नाण्यांकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: जितकं जुनं तितकं दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणजे महाग. सगळेच असं धरतात, म्हणून तर ते व्हिडिओ चालतात. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांची शिशाची नाणी आजही बऱ्यापैकी मिळतात, आणि १९३९ चा चांदीचा रुपया मात्र मुरलेल्या संग्राहकालाही सहजासहजी सापडत नाही. नाणं किती पाडलं, त्यातलं किती आटवलं गेलं, उरलेलं कोणत्या अवस्थेत आहे आणि ते हवं असणारे किती जण आहेत, यावर भाव ठरतो. वय हे त्यातलं सगळ्यात लंगडं कारण.

तुमच्या १८६२ च्या राणीचंच घ्या. ती १८६२ मध्येच जन्मली असेल असं नाही! यामागे एक गंमत आहे. इंग्रजांच्या आधी आणि त्यांच्या सुरुवातीच्या काळातही नाण्यावर सालाचा आकडा असे आणि सराफ त्यावरून बट्टा कापत. चालू सालाचा रुपया पूर्ण भावाचा, मागच्या सालाचा थोडा कमी, त्याहून जुना आणखी कमी. ("नावाला बट्टा लागला" हे आपण म्हणतो ते याच कापाकापीतून आलंय.) त्यावर कंपनी सरकारने बंगालमध्ये उपाय काढला. शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष नाण्यावर घातलं आणि पुढे वर्षं उलटली तरी तेच ठेवलं. साल बदलतच नाही तर बट्टा कशावर कापणार? साल गोठवायची ही रीत पुढेही चालली. १८३५ चं साल १८४० पर्यंत, १८४० चं थेट १८६२ पर्यंत आणि १८६२ चं १८७४ पर्यंत. म्हणजे १८६२ चा आकडा असलेले रुपये बारा वर्षं पडत होते, कोट्यवधींनी. पाच लाख कुठून येणार?

तरी सगळे १८६२ सारखे नसतात. भिंग घ्या, नाणं उलटं करा आणि सालाच्या आकड्याच्या आसपास बारीक ठिपके दिसतात का बघा. साल गोठलेलं असलं तरी टांकसाळीला आपली खूण ठेवावी लागे, ती या ठिपक्यांतून ठेवली जाई. ठिपके कुठे आणि किती, यावरून जाणकार नाण्याचे प्रकार लावतात. काही प्रकार नेहमीचे, काही कमी सापडणारे, आणि त्यांच्या भावात बराच फरक पडतो. १८४० च्या राणीवर मात्र अक्षरं बघायची. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग गेली आहेत की डोक्याच्या दोन बाजूंना तुटली आहेत? हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतील तर घेणाऱ्याला नक्की माहीत असतात.

तुमच्या डब्यातलं सगळ्यात बोलकं नाणं कोणतं म्हणाल, तर ज्याच्याविषयी तुम्ही पत्रात अर्धं वाक्यही लिहिलेलं नाही ते. १९११ चा पंचम जॉर्ज. राजाच्या अंगावर झगा आहे, त्यावर एका मानचिन्हाची साखळी, आणि त्यात एक हत्ती. कारागिराने त्या हत्तीची सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान खवळले, हिंदूंनाही ते रुचलं नाही. सरकारने नाणी परत घेतली, बरीचशी आटवली आणि १९१२ पासून हत्तीला मोठे कान आणि नीट दिसणारी सोंड देऊन नवा ठसा काढला. म्हणून १९११ चा रुपया पुढच्या सालांपेक्षा कमी सापडतो आणि संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणून ओळखतात. तुमच्याकडे १९१२ चाही असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, फरक नुसत्या डोळ्यांनी दिसेल. याचेही लाख येणार नाहीत. पण हा आटवायच्या ढिगात गेला तर मला खरंच वाईट वाटेल.

बाकीचे जॉर्ज साधे आहेत. १९१६ ते १९१९ या सालांत रुपये अफाट पाडले गेले. पहिलं महायुद्ध चालू होतं, सैन्याला पगार द्यायचे होते, मालाचे पैसे चुकते करायचे होते आणि इथल्या माणसाचा विश्वास कागदावर नव्हता, खणखणीत वाजणाऱ्या कलदारावर होता. चांदी इतकी महागली की रुपया आटवणं फायद्याचं होऊ लागलं. ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली ती याच ओढाताणीत. आणि १९१८ मध्ये अमेरिकेने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी दिली. तुमच्या १९१९ च्या रुपयात कुठल्यातरी अमेरिकन डॉलरची चांदी असू शकते. अशा रुपयाला चांदीपेक्षा फार वरचा भाव येत नाही, तो अगदी न हाताळलेला असेल तरच येतो. या नाण्यांच्या मागच्या बाजूला, खालच्या कमळाशी उठावाचा बारीक ठिपका असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं.

१९०७ चा 'टकलू राजा' म्हणजे सातवा एडवर्ड. डोक्यावर मुकुट नाही एवढंच त्याचं वैशिष्ट्य. पुढे.

आता मामांचं निरांजन. आटवायचंच ठरलं तरी आधी हिशेब तुम्हाला माहीत हवा, कारण सराफाकडे बसल्यावर हिशेब तो सांगेल. १८३५ च्या कायद्याने रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि हाच आपला जुना तोळा. किराणा दुकानात पूर्वी बंदा रुपया तराजूत टाकून माल तोलत, ऐंशी रुपयांचा एक शेर. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण ९१.७ टक्के. एका नाण्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली, तेव्हा तुमच्या १९४४ च्या नाण्यात ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला, निकेलचा आहे. त्यात चांदी औषधालाही नाही. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, तो चिकटेल, बाकीचे बारा चिकटणार नाहीत.

बेरीज करा: अकरा जुने आणि एक अर्ध्या चांदीचा मिळून सुमारे १२३ ग्रॅम शुद्ध चांदी, झीज सोडून. याला त्या दिवशीच्या भावाने गुणा. याच्या खाली तुमच्या डब्याची किंमत जाऊ शकत नाही. कुणी म्हणालं, "ताई, जुनी चांदी आहे, साठ टक्केच धरतो," तर १९४० च्या आधीच्या रुपयांसाठी ते ऐकून घेऊ नका. टांकसाळीतला माल आहे, कुणा खेड्यातल्या कारागिराने घरी पाडलेला नाही. घट थोडी धरतील, ती समजू शकते.

पण मामा आटवण्यातून मिळवणार काय, हे त्यांना एकदा विचारा. रुपया आटवला की तो फक्त चांदी होतो. घडणावळ वर द्यावी लागते आणि निरांजन बाजारात केव्हाही मिळतं. अगदी साध्या १९१८ च्या नाण्यालाही नाणं म्हणून थोडं जास्तच मिळतं. आटवायचा आग्रहच असेल तर आधी नाणं म्हणून विका आणि त्या पैशाचं निरांजन घ्या.

टूथपेस्टचं सांगताना तुमच्या अक्षरात जरा कौतुक दिसलं, म्हणून हे लिहिणं जिवावर येतंय. संग्राहकाच्या लेखी त्या राणीचा भाव तिथेच उतरला. जुन्या चांदीवर जी काळसर-निळसर झाक चढते ती मळ नसते. हवेतल्या गंधकाने चांदीवर बसलेला तो पातळ थर असतो, आणि पारखी आधी तोच बघतो, कारण तो पन्नास-शंभर वर्षांत आपोआप येतो आणि बनवायला कठीण असतो. टूथपेस्टमध्ये बारीक दाणा असतो. घासलं की राणीच्या केसांच्या कडा गोल होतात आणि सपाट जागेवर एका दिशेने केसासारख्या रेघा उठतात. उन्हात नाणं तिरकं धरा, दिसतील. मीही लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरातला रुपया चिंच आणि राखेने घासलाय, शाबासकीही मिळवलीय. तो अजून आहे, गुळगुळीत. तेव्हा उरलेल्या बारांना चिंच, रिठे, लिंबू, पितांबरी, काही नको. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवा, मऊ कापडाने टिपा, चोळू नका. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. रबर बँड लावू नका, त्यात गंधक असतं. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत, त्यांतल्या काही चिकट हिरवा थर सोडतात. आणि उचलताना कडेला धरा.

कडी डाकलेल्या दोन नाण्यांना संग्राहक फारसा भाव देणार नाही. डाक लागला की नाण्याच्या त्या भागावर दुसरा धातू बसतो, कडी काढली तरी व्रण राहतो. म्हणून काढूही नका. ही दोन नाणी आजीने, किंवा तिच्या आईने, गळ्यात घातलेली असणार. हमेलीतून, म्हणजे नाण्यांच्या माळेतून, सुटलेली. बाकीची हमेल कुठे गेली हे तुमच्या आईला किंवा मामांनाच विचारा. दुष्काळात मोडली, कुणाच्या शिक्षणाला मोडली, काहीतरी निघेल. मामा वाटणीचं बोलताहेत तेव्हाच हा प्रश्न टाका, बोलणं वेगळ्या अंगाला जाईल.

वाटणीचं कायद्याने बघायचं तर आजीने डबा हयातीत, शुद्धीत, स्वतःच्या हाताने तुम्हाला दिला. जंगम वस्तूचं बक्षीस हातात दिल्याने पुरं होतं, कागद लागत नाही. तो तुमचा आहे. डबा नुसता कपाटात सापडला असता तर गोष्ट वेगळी होती, मग मामांचा आणि तुमच्या आईचा सारखा हिस्सा झाला असता. अशाच पत्रांतून विचारणाऱ्या इतर वाचकांसाठी: डबा घरातून न मिळता जुन्या वाड्याची भिंत पाडताना किंवा पाया खणताना मिळाला, तर १८७८ चा निधी कायदा लागतो आणि किंमत दहा रुपयांवर असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा त्या काळचा, अजून तसाच आहे.

पण ताई, कायद्याने तुमचा म्हणून मामांना दारात उभं करायचं का, हे मी ठरवू शकत नाही. मला त्यांच्या बोलण्यात लोभापेक्षा त्या पाच लाखांचा धाक जास्त दिसतो. पाच लाख म्हटलं की वाटणी आली, शंका आली. आकडा खरा कळला की निम्मं भांडण तिथेच विरेल असं मला वाटतं. म्हणून क्रम असा ठेवा की आधी किंमत, मग बैठक.

किंमत कशी काढायची? स्वयंपाकघरातला नको, सोनाराचा काटा असेल तिथे प्रत्येक नाणं तोला. फार झिजलेला नसेल तर रुपया ११.६६ च्या जवळ भरतो. बराच कमी भरला, किंवा अंगावर बारीक खड्डे-बुडबुडे दिसले, कडेवरच्या उभ्या खाचांमध्ये जोडाची रेघ दिसली, तर तो ओतलेला नकली. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाउजेडी काढा. मग एखाद्या नाणेप्रदर्शनात जा आणि तीन वेगळ्या विक्रेत्यांना दाखवा. "किती देणार?" हे आधी विचारू नका. "हा कोणता प्रकार?" असं विचारा. तिघांची उत्तरं जुळली की मग भाव. कुणालाही डबा ठेवून घेऊ देऊ नका, "उद्या या" म्हणाला तर घेऊन परत या. परवानाधारक लिलावगृहांचे मागचे निकालही बघता येतात, पण तिथला भाव बघताना नाण्याची अवस्था बघा. न हाताळलेल्या नाण्याचा भाव आपल्या झिजलेल्याला लावणं हीच बहुतेक व्हिडिओंची चलाखी असते.

व्हिडिओंवरून आठवलं. १९३९ च्या रुपयाला खरोखर मोठा भाव आहे, आणि म्हणूनच १९३८ चा आठ कोरून नऊ केलेले रुपये फिरतात. रामदरबार किंवा हनुमानाचं चित्र, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ असं साल, हे नाणं कंपनीने कधी पाडलेलं नाही. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून ते लाखांना गळ्यात मारतात. कुणी देत असेल तर चहाही न घेता निघा. आणि नाशिक जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या वाचकांना चांदवडी रुपया किंवा निजामाचा हाली सिक्का सापडला असेल, तर वर दिलेला बराचसा हिशेब त्यांना लागू नाही. त्यांचं वजन वेगळं, वाचन फारसीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. एक दिवस तिथे काढला तरी नजर तयार होते.

तुमच्या मुलाचा परदेशी संकेतस्थळाचा बेत मात्र आजच बंद करा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. घरात ठेवणं गुन्हा नाही, पण देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, आणि तुमचे अकराही जुने रुपये आता शंभरी ओलांडलेले आहेत.

माझं मत विचाराल तर १९४४ चा आणि साधे जॉर्ज हवे तर विका, त्यात कुणाचं काही जात नाही. १९११ चा, १८४० चा आणि न घासलेली १८६२ ची राणी तिघांना दाखवल्याशिवाय हलवू नका. कडीची दोन ठेवा. भाचीला लग्नात द्यायचंच असेल तर त्यातलं एक कडीसकट, काळं तसंच, काळ्या दोऱ्यात ओवून द्या. निकेलचा वाघ मुलाला द्या, त्याची किंमत कमी आहे आणि खिशात टाकून फिरवला तरी चालेल.

घासलेली राणी कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. पुन्हा हात लावला नाही तर काही वर्षांनी कडांपासून पिवळसर झाक धरू लागेल, मग तपकिरी. आणि भिंग आणलंत की १९११ च्या हत्तीचं मला कळवा. तुम्हाला तो हत्ती दिसतो की डुक्कर?